डर्बी, बाबा आणि हरलेले घोडे

काचीगुड्याच्या आमच्या घरात कुत्र्याचं नाव डर्बी आहे, आणि आई त्याला आजही त्या नावानं हाक मारत नाही. ती ‘बाळ्या’ म्हणते. जात अगदी गावठी. एका पावसाळ्यात पिल्लू जिन्याखाली येऊन बसलं आणि राहिलंच. पहिल्याच दिवशी त्यानं गच्चीला सात-आठ फेऱ्या मारल्या, आणि बाबांनी बारसं उरकून टाकलं.

आईच्या रागाला कारण आहे. चादरघाटचा पूल ओलांडला की मलकपेट, आणि मलकपेटला रेसकोर्स. बाबांना लहानपणापासून घोड्यांचं वेड. त्या वेडाचं पैजेत रूपांतर कधी झालं, ते त्यांनाही कळलं नाही. घोड्यांची शर्यत हा निव्वळ नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असं १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तेव्हा बाबांनी पेपर आईपुढे धरला होता. आई म्हणाली, “मग माझ्या पाटल्या कुणाच्या कौशल्यानं गेल्या?”

दोष घोड्यांचा नव्हता, मैदानाचा तर नव्हताच. बाबांनी पैज लावणं सोडलं. घोडे मात्र सुटले नाहीत.

ओळखीच्या एका मोतद्दारामुळे हिवाळ्यात पहाटे ते मला घोड्यांचा सराव बघायला नेत. नाकपुड्यांतून वाफ, घामाचा आणि ओल्या गवताचा वास, खरारा करताना घोड्याच्या कातडीवरून धावणारी शिरशिरी. पंचकल्याणी कुणाला म्हणतात, अबलख कोणता, तोबऱ्यात चंदी किती, हे मी शाळेत नाही, तिथे शिकलो. शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, मग तो जन्मला कधीही असो, हेही तिथलंच. आणि मधूनच बाबांना आपली भीमथडीची तट्टं आठवत. “बुटकी, पण काटक! या उंच्यापुऱ्यांना दख्खनच्या दगडांतून चालवून बघा म्हणावं.”

आता बाबा पंचाहत्तरीला आले. रोज सकाळी ते, माझी मुलगी आणि डर्बी उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात फिरायला जातात. एखाद्या रविवारी आम्ही दिलसुखनगरच्या पुढे हरिण वनस्थळीला जातो. तिथे डर्बीला अर्थातच घरी ठेवावं लागतं. पूर्वी निजामाचं शिकारीचं रान होतं ते, आज राष्ट्रीय उद्यान आहे. काळविटांचा कळप उधळला की रेसचा घोडाही मागे पडेल, असं बाबा मोठ्या अभिमानानं सांगतात, जणू काळवीट त्यांच्याच पागेतले.

गेल्या वर्षी डर्बीचा मागचा पाय अधू झाला. डॉक्टर म्हणाले, वयच झालंय, औषध द्या आणि जमेल तेवढं चालवा. तेव्हापासून तो दर झाडापाशी बसतो आणि बाबा काठी टेकून उभे राहतात. अशाच एका थांब्यावर मुलीनं विचारलं, “आजोबा, रेसच्या घोड्याचा पाय दुखला की काय करतात? आणि जो नेहमी हरतो, तो कुठे जातो?”

बाबांनी सांगायला सुरुवात केली. दोन-तीन वर्षांचा असताना घोडा धावू लागतो, बहुतेकांची शर्यत काही वर्षांतच संपते. घोडा जगतो मात्र पंचवीस वर्षं, कधी त्याहून जास्त. नाव कमावलेले पैदाशीसाठी जातात, काही घोडेस्वारीच्या शाळेत, काही पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरतात.

“आणि बाकीचे?”

बाबा बराच वेळ डर्बीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. “इतकी वर्षं घोडे पाहिले गं,” ते म्हणाले, “पण मी फक्त पळतानाचे पाहिले. हे कधी विचारलंच नाही.”

घरी आल्यावर त्यांनी पेपरातलं रेसचं पान उघडलं नाही. मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. पण आमच्या मागच्या गल्लीत वरातीसाठी घोड्या ठेवणारा एक जण आहे. बाबा आता संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसतात. खूर बघतात, नाल सैल झाली असेल तर त्याच्या मागे लागतात, पाण्याची बादली वेळेवर भरली का ते विचारतात. तो आधी वैतागला होता. आता चहा देतो. एका म्हाताऱ्या घोडीला बाबांचा आवाज ओळखू येतो, असं मुलीचं म्हणणं आहे. मला काही तसं दिसलं नाही, पण मी वाद घालत नाही.

आईनं यावर एक अक्षर काढलेलं नाही. फक्त परवा भाजीवाल्याकडून तिनं गाजरं घेतली, तेव्हा अर्धा किलो जास्त घेतली, आणि वेगळ्या पिशवीत घालून बाबांच्या काठीशेजारी टांगून ठेवली.