पद्मिनीचं इंजिन: बांधायचं की बदलायचं?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हल्ली पासपोर्टवाल्यांची आणि आयटी पार्कात शिरणाऱ्यांची गर्दी जास्त दिसते. पण आतल्या गाळ्यांत लेथ अजून फिरतात. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. घरात जुनी प्रीमियर पद्मिनी असेल, तर बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगसाठी असे गाळे जवळ असणं हे मोठं भांडवल आहे.

पद्मिनी कुर्ल्याची. फियाट ११०० च्या घराण्यातल्या या गाडीला १९७४ च्या सुमारास हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. इतकं साधं, की चांगला मिस्त्री ते पाठ म्हणून दाखवेल. अडचण तिथेच सुरू होते. सायलेन्सरमधून निळा धूर दिसला, की तोच मिस्त्री म्हणतो, "फुल इंजिन करा, नाहीतर दुसरं टाका."

धुरावर निकाल देऊ नये. आधी कॉम्प्रेशन मोजावं. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. चढला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील, तर हेड गॅस्केट. उतारावर पाय सोडून पुन्हा रेस दिल्यावरच धूर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह गाइड किंवा सील गेलेले असतात, आणि हेडचं काम पुरतं. ब्लॉकला हात लावायची गरज नसते.

ब्लॉक उघडावाच लागला, तर बोअर गेज वर, मधे, खाली, आणि आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी फिरवावा. झीज सगळ्यात जास्त वरच्या टोकाशी, जिथून वरची रिंग परत फिरते. मग ओव्हरसाइज पिस्टन. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला टाकू नये. माप आधी पिस्टनचं, मग भोकाचं. एक मिलिमीटरने बोअर वाढवला, तर इंजिन जवळपास ११२२ सीसीचं होतं. आरसीवर मात्र १०८९ च राहतं! बोअरला आणखी वाव उरला नसेल तर स्लीव्ह बसवून मूळ मापावर परत येता येतं. क्रँकही ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग टाकता येते.

आता बदलण्याची बाजू. वर्षानुवर्षं भंगारात निघालेल्या पद्मिनी टॅक्सींमधून इंजिनं येत राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, म्हणजे तो झराही आटला. शिवाय टॅक्सीतलं इंजिन म्हणजे झाकली मूठ: किती लाख किलोमीटर धावलंय, कोणी उघडलंय, काही कळत नाही. ते उघडून मोजल्याशिवाय बसवू नये. आणि मोजायचंच असेल, तर आधी आपलंच मोजलेलं बरं.

दुसरा मोह प्रीमियर ११८ एनईतल्या निस्सानच्या ११७१ सीसी इंजिनाचा. गाडी पळते चांगली, पण कागद पळत नाहीत. इंजिन क्रमांक आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलाला परवानगी आणि नोंद लागते. जुन्या इंजिनाची बिलं, मूळ गाडीची कागदपत्रं नसतील तर ठाण्याचं एमएच-०४ असो की कल्याणचं एमएच-०५, आरटीओचे खेटे ठरलेले. त्यात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांना 'व्हीए' क्रमांकाची विंटेज नोंदणी खुली केली. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी मात्र त्यात बसत नाही. मूळ ब्लॉक बोअर करणं ही मी दुरुस्ती मानतो, निस्सान बसवणं नाही. अर्थात व्हीए गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, हेही लक्षात ठेवावं.

म्हणून माझा कौल बांधण्याकडे. ब्लॉकला तडा गेला असेल आणि तो सांधता येत नसेल, तरच दुसरा शोधावा, तोही पद्मिनीचाच. इंजिन उघडलंच आहे, तर पेट्रोल पंपाचं डायफ्रॅम आणि रबरी नळ्याही बदलून घ्याव्यात. आजच्या पेट्रोलातलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. नंतरचे हजारेक किलोमीटर घोडबंदर रोडवर कोणाशी शर्यत लावू नये, ऑइल लवकर बदलावं, आणि हेडचे नट इंजिन थंड असताना पुन्हा टॉर्कवर आवळावेत. अॅल्युमिनियमचं हेड बिडाच्या ब्लॉकवर बसलेलं आहे. ही पायरी गाळली तर नवं गॅस्केट पहिल्याच उन्हाळ्यात जाऊ शकतं.