पाकिटावरची तारीख हिंगोलीत का चालत नाही? फुलवेली पेरायच्या कधी, बाहेर लावायच्या कधी

मागच्या भागात कुंडीतल्या मातीबद्दल बोललो, तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. गोकर्ण, गणेशवेल, मॉर्निंग ग्लोरी या वेली बियांपासून करायच्या तर बी कधी टाकायचं आणि रोप बाहेर कधी लावायचं? या भागात तेवढंच.

ज्यांनी बी ऑनलाइन मागवलंय त्यांच्या पाकिटावर बहुतेक असं काहीतरी असतं: दव गोठायचं थांबण्याच्या सहा-आठ आठवडे आधी घरात पेरा, नंतर बाहेर लावा. ही सूचना युरोप-अमेरिकेतली आहे. तिथे या वेली 'नाजूक' म्हणतात कारण एका गोठवणाऱ्या रात्रीत त्या मरतात. आपल्या हिंगोलीत डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास येतो, वेल थोडी रुसते, पण तिला मारणारी थंडी ही नाही. आपल्याकडे कोवळ्या रोपाला मारतो तो मे महिना. बेचाळीसच्या पुढे तापमान, गच्चीवरची काळी पिशवी दुपारी हाताला चटका देते, आणि पाणी मोजून वापरायचं असतं. म्हणून पाकिटावरचा 'थंडी' हा शब्द खोडा आणि तिथे 'उन्हाळा' लिहा. मग पुढचा हिशोब जुळतो.

आता बियांकडे बघू. गोकर्णीचं बी वाटाण्याच्या कुळातलं, आणि त्याचं कवच कडक. पाणी आत जाऊच देत नाही. मॉर्निंग ग्लोरीचंही बऱ्यापैकी तसंच. हा बियांचा दोष नाही, ही त्यांची सोय आहे. मे महिन्यात एखादा वळीव पडतो, माती भिजते, आणि पुढे पंधरा दिवस कडक ऊन. सगळं बी त्या एका सरीला उगवलं असतं तर वंशच संपला असता. म्हणून काही बिया लगेच उगवतात, काही पुढच्या पावसाची वाट बघतात, काही तर पुढच्या वर्षाची. गेल्या वर्षी पडलेल्या बियांतून कुंपणाजवळ आपोआप आलेली गणेशवेल बघा, ती एकदम नाही येत, टप्प्याटप्प्याने येते.

आणि आपण काय करतो? लवकर उगवावं म्हणून बी पॉलिश पेपरवर घासतो, रात्रभर पाण्यात भिजवतो. करायलाच पाहिजे, नाहीतर दहातली दोन-तीन उगवतात आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. पण कवच घासलं की बियांचा विमा आपण काढून घेतला. आता ते वाट बघू शकत नाही. तारीख चुकली तर सगळंच्या सगळं जाणार. सोयाबीनवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पाऊस येईल या भरवशावर पेरलं आणि त्याने दडी मारली की दुबार पेरणी. कृषी विभाग दरवर्षी घसा कोरडा करून सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. फुलवेलीला हाच नियम लावा, फक्त एक फरक करून: पेरणी पावसावर सोडायची नाही, लावणी सोडायची.

म्हणजे कसं? बी मेच्या शेवटच्या आठवड्यात, रोहिणी नक्षत्र लागलं की, सावलीत पेरायचं. कागदी कप, दुधाची धुतलेली पिशवी, काहीही चालेल, खाली भोक पाडलं की झालं. पण एका भांड्यात एकच बी. या वेलींना मुळं हलवलेली अजिबात खपत नाहीत, आणि ट्रेमध्ये दाटीने पेरलं तर एकमेकींना गुंडाळून बसतात, मग सोडवता सोडवता शेंडे मोडतात. खोली बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा कमीच. निव्वळ काळी माती नको, ती वरून वाळली की पापडीसारखी कडक होते आणि अंकुर खालीच अडकतो. अर्धं शेणखत किंवा कोकोपीट मिसळा. रोज सकाळी कपाला दोन-तीन चमचे पाणी पुरतं. वीस कप म्हणजे दिवसाला जेमतेम लोटाभर. मार्चमध्ये पेरून जूनपर्यंत वेल जगवायची म्हटली तर रोज बादली लागेल, आणि ते मला तरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात पटत नाही.

घासण्याबद्दल एक सोपी खूण. बी घासून रात्रभर भिजवा. सकाळी जे फुगलं ते पेरा. जे तसंच टणक राहिलं ते पुन्हा जरा घासा, डोळ्याची बाजू सोडून, आणि परत पाण्यात टाका. बी जुनं असेल तर सोयाबीनची करतात तीच उगवण चाचणी करा, फक्त शंभरऐवजी दहा दाणे घ्या. ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून सावलीत ठेवा, ओल राहू द्या, आठवडा-दहा दिवसांत कळतं.

मॉर्निंग ग्लोरीच्या एका जातीचं बी म्हणजे आपला काळा दाणा, जहाल रेचक. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता बाहेर लावायचं कधी. साधारण 7 जूनला मृग लागतो, पण पहिल्या सरीला भुलू नका. दोन चांगले पाऊस होऊन वीतभर ओल गेली, रोपाला तीन-चार खरी पानं आली, की आधी चार दिवस सकाळचं ऊन दाखवा आणि मग ढगाळ दिवशी संध्याकाळी लावा. बऱ्याच वर्षी हे मृगाच्या शेवटी किंवा आर्द्रात जमतं. पाऊस लांबला तर रोप सावलीत आणखी आठवडाभर थांबतं, शेजारी काडी रोवून द्या म्हणजे झालं. थेट जमिनीत का नाही पेरायचं? पेरता येतं. पण नुकत्या फुटलेल्या कोंबावर पैसा आणि गोगलगाय तुटून पडतात, आणि चार पानांचं रोप त्यातून जास्त वेळा वाचतं. काळ्या जमिनीत पाणी साचतं म्हणून थोडा उंचवटा करून लावा. आधाराला सुतळी; जाड पाइपाला या वेली नीट वेढे घेत नाहीत.

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न: गणपतीला फुलं येतील का? आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात डेडलाइनवरून मागे मोजत येतात. गोकर्णीला ते चालतं. पेरल्यापासून साधारण दोन महिने धरा. गणेशवेल आणि मॉर्निंग ग्लोरीला मात्र ते पूर्ण लागू पडत नाही, कारण त्या वय कमी आणि रात्र जास्त मोजतात. रात्र लांबायला लागली की कळ्या धरतात. जूनअखेर हिंगोलीत रात्र जेमतेम पावणेअकरा तासांची असते, तेव्हा त्या नुसती पानं वाढवतात. मार्चमध्ये पेरून घाई केली तरी फुलं काही त्या प्रमाणात आधी येत नाहीत.

आणि इथे एक गंमत आहे. आपल्या एकाच कॅलेंडरवर दोन हिशोब छापलेले असतात. पेरणीची नक्षत्रं सूर्याची, म्हणून मृग दरवर्षी जवळजवळ त्याच तारखेला. सण तिथीचे, म्हणून ते सरकतात. 2025 ला गणपती 27 ऑगस्टला बसले, तेव्हा रात्र सुमारे साडेअकरा तासांची. 2026 ला अधिक महिन्यामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला, रात्र पावणेबाराच्या जवळ. वेलीला तिथी कळत नाही. त्यामुळे गणपती लवकर असतील त्या वर्षी गणेशवेलीवर फार विसंबू नका, हाराला गोकर्ण जास्त लावा. उशिरा असतील तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलेली गोकर्णसुद्धा बहुतेक वेळेत पोचते. हिंगोलीच्या दसऱ्यापर्यंत मात्र तिन्ही फुललेल्या असायला हरकत नाही.

स्वीट पीबद्दल तिघांनी विचारलं. ती या यादीतली नव्हेच, तिला थंडी हवी. ती पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरा. जूनमध्ये टाकलीत तर सडेल.

शेवटचं, बी धरणं. गोकर्णीच्या शेंगा तपकिरी झाल्या की पूर्ण तडकायच्या आधी काढा, नाहीतर बी उडून जातं. कागदाच्या पुडीत ठेवा आणि वर वर्ष लिहा. पुढच्या भागात कुंडीतल्या गुलाबाच्या छाटणीबद्दल बोलू. भेटूया.