आखाजीची घागर आणि मोगरा

पाचोरा तालुक्यात आखाजीस पितरांच्या नावे पाण्याने भरलेली घागर पुजतात; तीवर खरबूज व आंबे ठेवतात. पितरांस पांढरे फूल वाहावे, परंतु वैशाखाच्या उन्हात बहुतेक फुलझाडे रोडावलेली असतात.

फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास आप्तांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. दिवस लहान होऊ लागले की शेवंतीला कळ्या धरतात, त्यामुळे ती नेमकी त्या वेळी बहरात असते. तेथे जिवंत माणसास मात्र ती सहसा कोणी भेट देत नाही!

खानदेशात हा मान मोगऱ्यास द्यावा. विहिरीच्या पाटाशी चार झाडे लावावीत. मार्गशीर्ष-पौषात पाणी तोडून छाटणी करावी. नंतर आळ्यात शेणखत घालून पाणी सुरू करावे. म्हणजे वडिलांच्या घागरीसाठी ओंजळभर फुले घरचीच मिळतील.