मेंदूची जोडणी कोण करते?

बालकाच्या बुद्धीचा विषय निघाला की, पुण्याच्या वाड्यात काय किंवा खानदेशातून येऊन सुरतच्या उधना-लिंबायतेत स्थिरावलेल्या मराठी बिऱ्हाडांत काय, दोन समज हटकून पुढे येतात: मेंदूचा सारा आराखडा जन्मदात्यांकडूनच मुक्रर होऊन येतो, हा एक, आणि अभिमन्यूप्रमाणे गर्भाच्या कानी जे पडेल तेच त्याच्या मेंदूत कोरले जाते, हा दुसरा.

पहिला समज सुरतेतल्या जॅकार्ड मागाकडे पाहून दृढ व्हावा असाच आहे, कारण तेथे छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकुमानेच धागा उचलला जातो. परंतु मनुष्याची प्रथिने घडवणारी जनुके सुमारे 20 हजार, चेतापेशी सुमारे 8,600 कोटी आणि त्यांच्यातील संधी (सिनॅप्स) त्याहूनही हजारो पटींनी अधिक; एवढ्या जोडण्यांची नोंद इतक्या लहान दप्तरात मावणे शक्य नाही. जनुके रेणू घडवतात आणि चेतापेशींच्या तंतूंना वाट दाखवण्याचे काम रेणू करतात. चेताशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी बेडकाची दृष्टिचेता छेदून डोळा उलटा फिरवला, तेव्हा पुन्हा वाढलेले तंतू आपापल्या मूळ स्थानीच जाऊन भिडले आणि तो बिचारा प्राणी माशी वर असता खाली झेप घेत राहिला. कितीही सराव झाला तरी ती चूक सुटली नाही. प्रत्येक तंतूला आपले ठिकाण रासायनिक खुणेने ओळखता येत असावे, हा सिद्धांत त्यांनी 1963 साली मांडला, आणि 1994 मध्ये नेट्रिन हा मार्गदर्शक रेणू हाती आला, जो तंतूवरील ग्राहीनुसार एकाला जवळ बोलावतो व दुसऱ्याला दूर सारतो.

तंतूंनी वाट धरण्याआधी मेंदूचे प्रांतही अशाच संदेशांनी ठरतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली उंदराच्या गर्भात दाखवले की, एलएचएक्स-2 हे जनुक जेथे जेथे नसते तेथील पेशी स्वतः संदेश सोडणारे केंद्र बनतात आणि ज्यांच्यात ते जनुक शाबूत आहे अशा शेजारच्या पेशींना स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस घडवायला लावतात. पेशीचे भवितव्य शेजाऱ्यावरही अवलंबून असते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग मला तरी दुसरा ठाऊक नाही.

संधी जितक्या अधिक तितकी बुद्धी अधिक, हेही खरे नव्हे. मेंदूतज्ज्ञ हटनलोकर यांनी 1979 मध्ये नोंदवल्याप्रमाणे मेंदूच्या अग्रभागातील संधींची घनता पहिल्या एकदोन वर्षांत प्रौढापेक्षा सुमारे दीडपट होते व पुढे उतरते. अनुभवाने वापरात राहिलेल्या संधी टिकतात आणि बाकीच्या काढून टाकल्या जातात.

राहिला अभिमन्यू. गर्भाचा कान ऐकू लागण्याच्या कितीतरी आधी चेतातंतूंची वाटचाल सुरू झालेली असते, आणि त्या काळात गर्भाला खरोखर हवे असते ते मातेच्या रक्तातून येणारे थायरॉइडचे संप्रेरक, ज्याला आयोडीन लागते. म्हणून गर्भिणीच्या घरात आयोडीनयुक्त मीठ असावे आणि जन्मलेल्या बाळाची थायरॉइड तपासणी पहिल्या आठवड्यातच करून घ्यावी. उपजत उणीव असल्यास पहिल्या पंधरवड्यात सुरू झालेल्या उपचारांनी बुद्धीची हानी बहुतांशी टळते.