पद्मिनीचा गंज: लांबी नको, नवा पत्रा

प्रीमियर पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून दरवाजाखालची पट्टी किंवा फ्लोअर सडला, तर प्रश्न दिसण्यापुरता उरत नाही, गाडीची ताकदच जाते. गंजलेल्या भोकावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला, तरी लांबी ओल शोषते. आत गंज वाढतो, फुगतो आणि रंगाला फोड येतात.

त्याऐवजी नवा पत्रा वेल्ड करावा. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकतो, हा आक्षेप खरा आहे. पण चांगला पत्रा लागेपर्यंत कापून, तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवून, अंतराअंतरावर टाके मारत गेलं तर वाकणं आवरतं. खर्च जास्त येतो, हेही मान्य. मात्र लांबीचं काम पुन्हा उकरावंच लागतं. नवा पत्रा बसवल्यावर गंज परत येऊ नये म्हणून आतल्या पोकळीत मेण फवारायला विसरू नका.