अक्षरांच्या वाटा : भाग ९
जुईचे यॉय कसे झाले

माझी भाची दोन वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहायला गेली. तिच्या चार वर्षांच्या मुलीचा शाळेतला पहिला दिवस होता आणि बाईंनी हजेरी घेताना मोठ्या प्रेमाने हाक मारली, ‘यॉय!’ कोणीच उठले नाही. कागदावर नाव बरोबर होते : जे, यू, आय. बाईंचे वाचनही डच नियमांना धरून अगदी बरोबर होते. फक्त आमची जुई त्यात कुठे नव्हती.

रात्री जबलपूरला फोन आला तेव्हा भाचीचा प्रश्न होता, ‘मामा, अक्षरं तर तीच सव्वीस आहेत ना?’ आहेत. इंग्रजीची सव्वीस तीच डचची सव्वीस. पण अक्षर एक असले म्हणजे उच्चार एक असतो, हे आपण शाळेत रोमन लिपीतली एकच भाषा शिकल्यामुळे धरून चालतो. डचमध्ये ‘जे’ म्हणजे ‘य’. फुटबॉलपटू योहान क्रॉइफ म्हणूनच योहान आहे, जोहान नाही. आणि यू-आय ही जोडी तिथे एकच स्वर दाखवते. तो मराठीत नाही; ओठांचा चंबू करून ‘ऑय’ म्हणायला जावे तसा काहीसा. डचमध्ये आनंदाने जल्लोष करण्याला जे क्रियापद आहे, त्याची सुरुवातच या तीन अक्षरांनी होते. बाईंच्या तोंडी ते वाचन किती सहज आले असेल!

जबलपूरच्या मराठी घरांत वाढलेल्यांना हे कळायला हॉलंडला जावे लागत नाही. आमची घरची लिपी आणि शाळेची लिपी एकच, देवनागरी. तरी ‘ज्ञान’ घरात ‘द्न्यान’ होते आणि वर्गात ‘ग्यान’. ‘कृष्ण’ आजीच्या तोंडी ‘क्रुष्ण’, गुरुजींच्या तोंडी ‘क्रिष्ण’. दोन्हीकडे कोणी चुकत नव्हते. ‘ळ’ तर हिंदी वर्णमालेच्या तक्त्यातच नव्हता, म्हणून काळ्यांचे ‘काले’ झाले आणि पुढे काही घरांनी तेच आडनाव लावले. स्टेशनच्या पाटीवर ‘जबलपुर’ आहे, आम्ही पत्रावर ‘जबलपूर’ लिहितो. एका लिपीत दोन भाषा नांदतात तेव्हा प्रत्येक अक्षरामागे दोन करार असतात. रोमन लिपीत तर शेकडो भाषा नांदतात.

मराठी माणसाला डच अक्षरांतली काही फार सोपी जातात, हे मी भाचीला आधी सांगितले. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या पी, टी, के या अक्षरांबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो. ‘पिन’ म्हणताना खरा इंग्रज ‘प’ आणि ‘फ’ यांच्या मधले काहीतरी म्हणतो. डचमध्ये तो झोत नाही. आपला साधा ‘प’ तिथे जसाच्या तसा चालतो. त्यांचा ‘डब्ल्यू’ही आपल्या ‘व’च्या अगदी जवळचा : खालचा ओठ वरच्या दातांकडे हलकेच जातो, इंग्रजीसारखा ओठांचा गोल होत नाही. ‘व्ही’ मात्र ‘फ’कडे झुकतो.

‘जी’ कठीण. त्याचा उच्चार घशातून येतो, उर्दूतल्या नुक्तेवाल्या ‘ख़’सारखा. जबलपुरात ज्यांनी कव्वाली कान देऊन ऐकली आहे त्यांना तो लगेच जमेल. चित्रकार व्हॅन गॉग त्याच्या देशात ‘फान खोख’ असतो. मोठ्या नद्यांच्या दक्षिणेला हा ‘जी’ मऊ होतो. आइंडहोव्हन त्या मऊ बाजूला आहे.

आता गावाच्या नावातला ‘डी’ पाहा. ‘आइंड’मधला ‘ड’ लिहितात, पण ऐकू येतो तो ‘ट’. डचमध्ये शब्दाच्या शेवटी घोष व्यंजन टिकत नाही. कठीण या अर्थाचा ‘हार्ड’ आणि हृदय या अर्थाचा ‘हार्ट’ हे दोन्ही शब्द कानाला एकच लागतात. मग ‘डी’ लिहायचा कशाला? कारण कुत्र्याला ‘होंट’ म्हणत असले तरी अनेक कुत्रे आले की ‘होंडन’ होते, आणि दडलेला ‘ड’ बाहेर येतो. लेखनाने शब्दाचे कूळ सांभाळले आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्यांनी उलट केले. चंद्राला ‘मान’ म्हणतात आणि त्यात ‘ए’ दोनदा लिहितात. अनेकवचन ‘मानन’ झाले की उच्चार तितकाच लांब राहतो, पण एक ‘ए’ गळतो. ‘फूल’चे ‘फुले’ करताना आपला दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, ते आठवते. डच मुले इथे हमखास चुकतात. आपलीही चुकतात.

पण या वर्णमालेतले माझे सर्वांत लाडके प्रकरण म्हणजे आय आणि जे यांची जोडी. ही दोन अक्षरे शेजारी आली की डच माणूस त्यांना बहुधा एकच अक्षर मानतो. शब्द मोठ्या अक्षराने सुरू करायचा असेल तर दोन्ही एकदम मोठी होतात. आयसलमेअर या प्रचंड सरोवराचे नाव नकाशावर तसेच छापलेले असते. शब्दकोड्यात ही जोडी एका चौकटीत बसते. प्राथमिक शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात अनेकदा ‘वाय’च्या जागी तीच असते. शब्दकोशात मात्र ती ‘आय’च्या घरात शोधावी लागते. आपल्या ‘क्ष’चे असेच आहे : तक्त्यात शेवटी त्याला स्वतःची चौकट आणि चित्र, पण हिंदी शब्दकोशात ‘क्षमा’ हवी असेल तर ‘क’कडे वळावे लागते.

ही जोडी जन्मली कशी, ते फार सुंदर आहे. मध्ययुगीन हस्तलिखितांत दीर्घ ‘ई’ दाखवायला दोन आय शेजारी काढत. त्या काळच्या उभ्या, दाट अक्षरात दोन काड्या ‘यू’सारख्या किंवा ‘एन’सारख्या दिसायच्या. म्हणून लेखनिकांनी दुसऱ्या काडीला खाली शेपूट दिले. पुढे लोकांच्या तोंडातला ‘ई’ हळूहळू पसरून ‘एइ’सारखा झाला. शेपूट राहिले, स्वर सरकला. गंमत अशी की ई-आय ही जोडीही त्याच उच्चाराची आहे. त्यामुळे सोसणे आणि नेतृत्व करणे या अर्थांची दोन क्रियापदे ऐकताना सारखी, लिहिताना वेगळी. आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहितो तसेच. स्वातंत्र्य या अर्थाच्या ‘फ्रेइहेइट’ या डच शब्दात तर एकाच स्वराची दोन्ही रूपे एकामागून एक येतात. क्रॉइफच्या आडनावातही मायदेशी आय-जे आहेत. परदेशी छापखान्यांनी तिथे ‘वाय’ बसवला.

डच ‘ऊ’ लिहायला ओ-ई वापरतात आणि ‘ज’ हवा असेल तर डी-जे. इंडोनेशियावर त्यांचे राज्य होते म्हणून सुकार्नोंच्या नावात ओ-ई आला आणि जकार्ताच्या सुरुवातीला डी. तिथे ओ-ई १९४७ मध्ये गेला, जकार्ताचा डी १९७२ च्या लेखनसुधारणेत. आमच्या शहरालाही इंग्रजांनी आपल्या कानाप्रमाणे ‘अ’साठी यू आणि ‘पूर’साठी पी-ओ-आर-ई लावून लिहिले होते, जुन्या नकाशांवर ते लांबलचक नाव अजून दिसते. डचांनी लिहिले असते तर ते डी-जे पासून सुरू होऊन ओ-ई-आरवर संपले असते.

आणि डचांनी आमच्याकडची भाषा खरोखर अशी लिहिली आहे. योहान योसुआ केटेलार हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस सुरत आणि आग्र्याच्या वखारींत काम करत होता. त्याने हिंदुस्तानीचे व्याकरण डच भाषेत लिहिले. त्याची एक नक्कल १६९८ साली लखनौत झाली. हिंदुस्तानीचे आज माहीत असलेले हे सर्वांत जुने व्याकरण आहे. ऐकलेले शब्द त्याने डच पद्धतीने रोमन अक्षरांत उतरवले. आपल्या वर्णमालेतल्या ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ यांसाठी त्या सव्वीस अक्षरांत वेगळ्या जागाच नाहीत. आमच्या ‘ळ’ची शाळेत जी गत झाली तीच तिथे या वर्णांची होणार होती.

सव्वादोनशे वर्षांनी, १९२० मध्ये, कामताप्रसाद गुरू यांचे ‘हिंदी व्याकरण’ काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने प्रसिद्ध केले. गुरू सागरचे, पण त्यांचे आयुष्य जबलपुरात गेले. त्यांनी आपल्या ग्रंथासाठी आदर्श म्हणून समोर ठेवले ते मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. दामले म्हणजे केशवसुतांचे धाकटे भाऊ. आमच्या शहरात हिंदी शिकताना ‘ळ’ हरवलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो : जे हिंदी व्याकरण तुम्ही शिकता त्याची मांडणी एका मराठी माणसाच्या ग्रंथावरून घेतलेली आहे.

जुईचे काय झाले, ते राहिले. दुसऱ्या दिवशी भाचीने बाईंना नाव तीनदा म्हणून दाखवले. बाईंनी ते ऐकले, नावाच्या पट्टीवरचे स्पेलिंग खोडले नाही, पण खाली पेन्सिलीने स्वतःसाठी डी-जे, मग ओ-ई, मग आय-ई असे सुटे सुटे लिहून घेतले. डच नियमाने वाचले की त्याचे नेमके ‘जुई’ होते. त्या सकाळी हाक आली आणि पोर उभी राहिली.

(पुढील भागात : डच माणूसही ‘एकवीस’ म्हणताना आधी एक आणि मग वीस का म्हणतो?)