विश्लेषण : नागरिकत्वाच्या शपथविधीला रजा मिळते का?

कॅनडात स्थायिक झालेल्या मुलामुलींचा बुलढाण्यातल्या घरी कधी तरी फोन येतोच : ‘अमुक तारखेला शपथ आहे.’ ही तारीख अर्जदार ठरवत नाही, तिकडचे सरकार कळवते. बऱ्याचदा तो नेमका कामाचा वार निघतो. मग कारखान्यात, दुकानात किंवा ट्रकवर नोकरी करणाऱ्याला पहिली काळजी साहेबाची लागते.

शपथ इतकी महत्त्वाची का?

पाच वर्षांत प्रत्यक्ष १,०९५ दिवस वास्तव्य, १८ ते ५४ वयोगटासाठी परीक्षा, हे सगळे पार पडले तरी शपथ घेईपर्यंत माणूस ‘कायम रहिवासी’च राहतो. १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना शपथ बंधनकारक आहे. हल्ली ती सभागृहात होते किंवा व्हिडीओ कॉलवर.

रजा कोणाला, किती?

नोकरी कोणत्या कायद्याखाली येते, यावर सारे अवलंबून. बँका, दूरसंचार, विमान व रेल्वे कंपन्या, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाणारी मालवाहतूक यांना केंद्राचा श्रम कायदा लागू होतो. त्यात वर्षाला पाच दिवसांची वैयक्तिक रजा आहे आणि ती घेण्याच्या कारणांत स्वतःचा नागरिकत्व शपथविधी स्पष्टपणे नमूद आहे. सलग तीन महिने नोकरी झाली असेल तर पहिले तीन दिवस भरपगारी. ही तरतूद १ सप्टेंबर २०१९ पासून आहे.

बाकी बहुतेक नोकऱ्या प्रांतांच्या कायद्याखाली येतात आणि तिथे हात आखडता आहे. नोव्हा स्कोशिया व सस्कॅचेवानमध्ये एक दिवस, अल्बर्टात अर्धा दिवस, मॅनिटोबात चार तास, तीही बिनपगारी. मॅनिटोबा व नोव्हा स्कोशियात मालकाला १४ दिवस आधी सांगावे लागते. तेवढा वेळच नसेल तर जमेल तितके लवकर. ओंटारिओच्या कायद्यात अशी वेगळी रजाच नाही. तिथे हक्काची सुट्टी खर्ची घालायची किंवा मालकाशी गोडीने बोलायचे.

आपल्याकडे काय?

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी व्यक्ती भारतीय नागरिक होताना निष्ठेची शपथ घेते, पण त्यासाठी वेगळी रजा नाही. नागरिक म्हणून आपल्याला कायद्याने मिळणारी हक्काची भरपगारी सुट्टी मतदानाची. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५ ब रोजंदारीवरच्या मजुरालाही ती देते. नोकरी दुसऱ्या मतदारसंघात असली तरी हक्क जात नाही. २०२४ च्या लोकसभेला बुलढाण्यात २६ एप्रिलला आणि पुण्यात १३ मे रोजी मतदान झाले. पुण्यात कामाला असलेल्या, पण नाव सिंदखेडराजाच्या यादीत असलेल्या कामगाराची सुट्टी २६ एप्रिलची. मालकाने ती नाकारली तर दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. एवढ्याने कोण घाबरणार, हा प्रश्न आहेच.

शपथेनंतर गावच्या शेतीचे काय?

घरच्यांनी खरे तर हे आधी विचारायला हवे. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणे गुन्हा ठरू शकते, म्हणून तो वकिलातीत जमा करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. पुढे ओसीआय कार्ड काढता येते, पण त्यावर मतदान करता येत नाही. मतदार यादीत नाव राहिले असेल तर ते कमी करण्यासाठी नमुना ७ भरावा.

ओसीआय कार्डधारकाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. मात्र वडिलोपार्जित शेती वारसाहक्काने मिळू शकते. म्हणजे शपथ घेतली म्हणून सातबाऱ्यावरचा वारस म्हणून हक्क जात नाही. ‘तू आता परदेशी झालास, सही करून मोकळा हो’ असे कोणी भावकीत म्हणत असेल, तर हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी वकिलाला विचारावे. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. चिखलीला किंवा मेहकरला चार एकर घेऊन ठेवायचा बेत असेल, तर परदेशात राहत असताना तो व्यवहार शपथेआधीही करता येत नाही आणि नंतरही नाही.